गोंगाटाचे अंदाजपत्रक

लायगो या नावाने ओळखली जाणारी वेधशाळा, यंत्र म्हणून पाहिली तर, प्रकाशाने अंतर मोजणारी एक पट्टी आहे. अमेरिकेत अशा दोन पट्ट्या आहेत. एक वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डच्या उजाड माळावर, दुसरी लुइझियाना राज्यातील लिव्हिंग्स्टनच्या पाइनच्या जंगलात. प्रत्येक ठिकाणी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात पसरल्या आहेत. कोपऱ्यात लेसरचा झोत दुभंगतो, दोन्ही नळ्यांतून धावतो, टोकाच्या आरशांवरून परततो आणि पुन्हा एकत्र येतो. मांडणी अशी केलेली असते की, परतलेल्या दोन लहरी एकमेकींना पुसून टाकतात आणि प्रकाशशोधकावर जवळजवळ अंधार राहतो. एक भुजा किंचित लांबली आणि दुसरी आखडली, तर त्या अंधारात उजेडाची तिरीप येते. दूर विश्वात दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना उठलेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली की नेमके हेच घडते. फरक असतो प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाएवढा, आणि यंत्र त्याहून बारीक फरकही टिपू शकते.

असे यंत्र एका डोक्यात मावत नाही. लेसरचा जाणकार वेगळा, काचेला घासून आकार देणारा वेगळा, तिच्यावर परावर्तक थर चढवणारा तिसराच. निर्वात पोकळी, आरसे टांगण्याची व्यवस्था, जमिनीचे हादरे शोषणारे मंच, नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक्स, माहिती चाळणारे संगणक ही प्रत्येक स्वतंत्र विद्या आहे. पूल बांधताना एका खांबाचे काम चोख झाले तर तेवढे तरी पदरात पडते. इथे तसे नाही. प्रकाश मोठा चहाडखोर. वाटेत भेटलेल्या प्रत्येक वस्तूची कुरबुर तो उचलतो आणि सगळ्यांची गाऱ्हाणी एकाच शोधकावर आणून ओततो, तीही कोणाचे गाऱ्हाणे कोणते याची चिठ्ठी न लावता. परिणामी काही बिघडले की प्रत्येक गटाला अंगण वाकडे दिसते: दोष लेसरचा, दोष टांगणीचा, दोष जमिनीचा. अशा गटांचे नेतृत्व करणे म्हणजे काय, हे लायगोच्या चार दशकांच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. तिथे ते करण्याच्या तीन तऱ्हा एकापाठोपाठ एक आजमावल्या गेल्या आणि त्यांतल्या दोन फसल्या.

सुरुवात एका हिशेबापासून झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, रायनर वाइस हे प्राध्यापक सापेक्षतावाद शिकवत होते. गुरुत्वीय लहरी प्रकाशाने मोजता येतील का, हा वर्गातल्या अभ्यासापुरता काढलेला प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. १९७२ मध्ये त्यांनी संस्थेच्या त्रैमासिक अहवालात त्यावर एक टिपण लिहिले. ते कोणत्याही नियतकालिकात छापून आले नाही. त्या टिपणाचा खरा ऐवज कल्पनेत नव्हता, कारण तशी कल्पना इतरांनाही सुचली होती. वाइस यांनी शत्रूंची यादी केली. लेसरची तीव्रता थरथरेल, त्याची वारंवारता ढळेल, काचेतले रेणू उष्णतेने कंप पावतील, प्रकाशकण आरशांना धक्के देतील, जमीन हलेल, नळीत उरलेला वायू आड येईल. प्रत्येक शत्रूमुळे किती चूक होईल याचा आकडा त्यांनी मांडला आणि या सगळ्यांच्या खाली उतरायचे तर भुजा किलोमीटरच्या मापाच्या हव्यात, असा निष्कर्ष काढला.

पुढे याच हिशेबाला 'नॉइज बजेट' म्हणजे गोंगाटाचे अंदाजपत्रक हे नाव रूढ झाले. घरखर्चाच्या वहीसारखीच ही कल्पना आहे. यंत्राला एकूण इतकाच गोंगाट परवडतो. त्यातला एवढा लेसरने करावा, एवढा टांगणीने, एवढा इलेक्ट्रॉनिक्सने. प्रत्येक वारंवारतेला वाटणी वेगळी. सेकंदाला दहा कंपनांच्या आसपास जमिनीचे राज्य, शंभराच्या आसपास आरशाच्या थरांतील उष्णतेचे, त्याच्या वर प्रकाशकणांच्या मोजणीतील अपरिहार्य अनिश्चिततेचे. या अंदाजपत्रकामुळे दोन गोष्टी साधतात. आपल्याला किती चांगले व्हायचे आहे हे प्रत्येक गटाला कळते, आणि कुठे थांबायचे तेही कळते. दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. हुशार अभियंता आपला भाग कायम सुधारत राहू पाहतो. पण ज्या वारंवारतेवर जमीनच शंभरपट ओरडते आहे तिथे लेसर आणखी शांत करण्यात घातलेले वर्ष वाया जाते. हे त्याला अधिकाराने सांगितले तर भांडण होते, कागदावरच्या दोन रेषा दाखवल्या तर होत नाही.

मात्र अंदाजपत्रक कागदावर असणे आणि त्यावर निर्णय होणे यांत बरेच अंतर असते. १९७५ मध्ये वाइस यांची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजे कॅलटेकचे, सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्याशी वॉशिंग्टनमध्ये भेट झाली, आणि रात्रभराच्या गप्पांतून कॅलटेकनेही या क्षेत्रात प्रयोग सुरू करावेत असा विचार पुढे आला. त्यासाठी ग्लासगोहून रोनाल्ड ड्रेव्हर यांना आणण्यात आले. ड्रेव्हर विलक्षण कल्पक होते. परतणारा प्रकाश फुकट न घालवता आरशाने पुन्हा यंत्रात ढकलायचा, ही युक्ती त्यांची. लेसरला पोकळीच्या लांबीशी घट्ट बांधून ठेवण्याच्या ज्या पद्धतीला त्यांचेही नाव जोडलेले आहे ती आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. ते गणितापेक्षा चित्रांतून विचार करत.

१९८४ पासून वाइस, थॉर्न आणि ड्रेव्हर या तिघांनी मिळून प्रकल्प चालवायचा असे ठरले. निर्णय एकमताने व्हायचे, म्हणजे बहुधा व्हायचेच नाहीत. वाइस यांना मोठे यंत्र, पक्का आराखडा आणि कारखान्यांकडून घेतलेले खर्चाचे अंदाज हवे होते. ड्रेव्हर यांना आधी छोट्या यंत्रावर कल्पना पारखून घ्यायच्या होत्या, आणि आज ठरलेली गोष्ट उद्या सुचलेल्या नव्या युक्तीपुढे त्यांना शिळी वाटे. थॉर्न दोघांमध्ये मध्यस्थी करत. यात कोणी चुकीचे वागत होते असे नाही. शोधाच्या टप्प्यावर ड्रेव्हर यांची अस्वस्थता हीच पुंजी होती. बांधणीच्या टप्प्यावर तीच अडसर ठरू लागली. पैसा पुरवणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८६ मध्ये तज्ज्ञांकडून प्रकल्पाचे परीक्षण करून घेतले. कल्पना भक्कम आहे, पण प्रकल्पाला एकच संचालक हवा, असे त्यांनी बजावले.

१९८७ मध्ये रोकस वोख्ट संचालक झाले. ते कॅलटेकचे प्रोव्होस्ट होते, कडक शिस्तीचे होते. त्यांनी दोन संस्थांच्या गटांना एका आराखड्यावर आणले, १९८९ चा सविस्तर प्रस्ताव लिहून घेतला आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये त्याची बाजू लढवली. लायगोला पैसा मिळाला तो त्यांच्या काळात, हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. पण त्यांची कल्पना लहान, बंदिस्त आणि स्वायत्त चमूची होती. निवडक माणसांना बाहेरच्या उपद्रवापासून दूर ठेवायचे, म्हणजे ती चमत्कार करतील, असा तो विश्वास. टप्प्याटप्प्याचे अहवाल, बाहेरचे परीक्षण, कामाचे कागदोपत्री तुकडे पाडणे ही त्यांना लुडबूड वाटे. कोट्यवधी डॉलरच्या बांधकामाला हा बाणा झेपणारा नव्हता. ड्रेव्हर यांच्याशी त्यांचे विकोपाला गेले आणि १९९२ मध्ये ड्रेव्हर यांना प्रकल्पातून दूर करण्यात आले. कॅलटेकच्या प्राध्यापकवर्गात त्यावरून वादळ उठले. पैसा मंजूर, जागा ठरलेल्या आणि गाडे मात्र रुतलेले, अशी १९९३ अखेरची स्थिती होती.

तिसरी तऱ्हा आली ती दुसऱ्या एका प्रकल्पाच्या मरणातून. टेक्सासमध्ये बांधला जात असलेला सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर हा महाकाय कणत्वरक ऑक्टोबर १९९३ मध्ये काँग्रेसने अर्ध्यावर रद्द केला. तिथल्या एका मोठ्या शोधक यंत्राच्या नेतृत्वात कॅलटेकचे कणभौतिकशास्त्रज्ञ बॅरी बॅरिश होते. काही महिन्यांतच, १९९४ च्या सुरुवातीला, लायगोची सूत्रे त्यांच्याकडे आली. ते लेसरतज्ज्ञ नव्हते. गुरुत्वीय लहरींवर त्यांनी काम केले नव्हते. त्यांना माहीत होते ते शेकडो माणसांकडून एक यंत्र कसे उभे राहते हे. प्रकल्प-व्यवस्थापक म्हणून त्यांनी आपल्याबरोबर गॅरी सँडर्स यांना आणले, आणि टेक्सासमधून मोकळे झालेले अनुभवी अभियंतेही मिळवले. (हेच सँडर्स पुढे तीस मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या प्रकल्पाचे व्यवस्थापक झाले, भारत त्या दुर्बिणीत भागीदार आहे.)

बॅरिश यांनी पहिल्यांदा केलेली गोष्ट व्यवहारी नेत्याला शोभणारी, पण धाडसाची होती. आधीच अडचणीत असलेल्या प्रकल्पासाठी त्यांनी कमी नव्हे, जास्त पैसे मागितले. त्यांच्या नव्या योजनेचा खर्च आधीच्या प्रस्तावांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होता. माणसे अपुरी धरली होती, ती वाढवावी लागणार हे त्यांनी आकड्यांसह मांडले. १९९४ मध्ये ३९.५ कोटी डॉलरच्या अंदाजासह लायगो हा नॅशनल सायन्स फाउंडेशनने तोवर हाती घेतलेला सर्वांत मोठा प्रकल्प ठरला. खोटे स्वस्त अंदाज देऊन काम सुरू करायचे आणि नंतर हात पसरायचे, ही वाट त्यांनी टाळली. टेक्सासच्या त्वरकाचा खर्च वाढत वाढत शेवटी त्याच्या गळ्याशी कसा आला, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

दुसरी गोष्ट तांत्रिक होती. तोवरच्या नमुना यंत्रांत आर्गॉन वायूचा हिरवा लेसर वापरला जाई. तो जुना, ओळखीचा, पण वीजखाऊ आणि नाजूक. बॅरिश यांच्या काळात तो सोडून निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाचा घनस्थिती लेसर घेण्याचे ठरले. त्याचा प्रकाश अवरक्त, १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्याच्या दुपटीहून थोडा लांब. वाचायला हा एका ओळीचा बदल आहे. पण तरंगलांबी बदलली की चार किलोमीटरवर झोत जास्त फाकतो, म्हणून आरसे मोठे लागतात, आरशांवरचे थर नव्या जाडीचे लागतात, शोधक बदलतात, मोजणीच्या अनिश्चिततेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. अंदाजपत्रकातला एक आकडा हलवला की सगळे रकाने हलतात. तरीही बदल केला, कारण घनस्थिती लेसर पुढची वीस वर्षे सुधारत जाणार होते आणि आर्गॉनची वाट तिथेच संपत होती. नियंत्रणव्यवस्थाही याच सुमारास ॲनालॉगवरून डिजिटल करण्यात आली. आरसा सांभाळणारे मंडल बदलायचे तर आता डाखणी घेऊन तारा जोडाव्या लागणार नव्हत्या, संगणकातला कार्यक्रम बदलून भागणार होते. पुढे यंत्र जुळवण्यात गेलेल्या वर्षांचा विचार केला तर हा निर्णय लेसरइतकाच मोठा होता.

बदल केव्हा स्वीकारायचा आणि केव्हा दार लावायचे, हा अशा प्रकल्पांतला सर्वांत कठीण प्रश्न. बॅरिश यांचे उत्तर लायगो दोन टप्प्यांत बांधण्याचे होते. इमारती, नळ्या, निर्वात पोकळी अशी उभारा की ती पुढच्या पिढीच्या यंत्रालाही पुरेल. तिच्यात पहिले यंत्र मात्र सिद्ध झालेल्या तंत्रानेच बसवा. नव्या कल्पना असणाऱ्यांना हाकलू नका. त्यांना दुसऱ्या टप्प्याचे काम लगेच सुरू करू द्या. ड्रेव्हर यांच्यासारख्या अस्वस्थ माणसाला जी जागा आधीच्या रचनेत नव्हती ती या रचनेत आपोआप तयार झाली, फक्त ती ड्रेव्हर यांच्यासाठी उशिरा आली.

१९९७ मध्ये त्यांनी प्रकल्पाच्या दोन फांद्या केल्या. यंत्र बांधणारी आणि चालवणारी लायगो प्रयोगशाळा एकीकडे. जगभरच्या विद्यापीठांतील संशोधकांना सामावून घेणारा वैज्ञानिक सहयोग दुसरीकडे. पहिलीत हुकूम चालतो, दुसरीत मतदान आणि चर्चा. वेळापत्रक, सुरक्षितता, खर्च यांवर चर्चा करत बसता येत नाही. निष्कर्ष खरा की खोटा यावर हुकूम काढता येत नाही. दोन्ही कारभार एकाच टेबलावर आणले की काय होते, ते आधीच्या दशकात दिसून चुकले होते.

बांधकामाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण नळ्यांचा उल्लेख टाळता येत नाही. जवळजवळ सव्वा मीटर व्यासाच्या, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्या वीस-वीस मीटरच्या तुकड्यांत वळवून, हेलियमने गळती तपासून जोडण्यात आल्या. चार किलोमीटरमध्ये पृथ्वीचा पृष्ठभाग सरळ रेषेपासून मीटरभर वाकतो, म्हणून काँक्रीटचा पाया त्या हिशेबाने ओतावा लागला. मग नळीतूनच प्रचंड विद्युतप्रवाह सोडून ती दीडशे अंशांच्या वर महिनाभर तापवली, जेणेकरून पोलादात मुरलेली वाफ आणि वायू बाहेर पडावेत. या कामात शोधबुद्धीला वाव नव्हता, हयगयीला तर नव्हताच. प्रकाशाच्या यंत्राचा निम्म्याहून अधिक संसार हा असा लोहारकामाचा असतो.

१९९९ मध्ये वेधशाळांचे उद्घाटन झाले आणि खरी परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कारखान्यांतही कमिशनिंग हाच शब्द वापरतात: यंत्र बसवून झाले, आता ते चालते करायचे. इथे चालते करणे म्हणजे सगळे टांगलेले आरसे एकाच वेळी अशा जागी धरून ठेवणे की प्रकाश त्यांच्यामध्ये गुंजत राहील. याला 'लॉक' लागणे म्हणतात. सुरुवातीला ते लागेचना; लागले तर क्षणात सुटे. २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात भूकंप झाला आणि हॅनफर्डच्या आरशांच्या टांगण्या दुरुस्त करण्यात वेळ गेला. लिव्हिंग्स्टनला त्रास वेगळाच. आसपासच्या जंगलात दिवसा लाकूडतोड चाले. झाड कोसळले की जमीन हादरे आणि लॉक सुटे. दिवसाचे तास जवळजवळ फुकट जात. जागा निवडताना जंगलाची शांतता दिसली होती, जंगल कापणारी माणसे हिशेबात पुरेशी आली नव्हती. शेवटी २००४ मध्ये तिथे हादरे ओळखून उलट दिशेने ढकलणारी द्रवचालित व्यवस्था बसवली. ती मुळात दुसऱ्या टप्प्यासाठी तयार होत होती. दोन टप्प्यांच्या रचनेचा असाही उपयोग झाला.

या काळात अंदाजपत्रक भिंतीवरचा रोजचा आलेख झाले. मोजलेला गोंगाट एका रेषेने, हिशेबातील घटकांची बेरीज दुसऱ्या रेषेने. दोन्हींमध्ये फट दिसली की तिथे कोणीतरी अनोळखी शत्रू आहे. मग ती फट कोणी शोधायची ते ठरते. नियंत्रणकक्षातील प्रत्येक पाळीची नोंदवही संगणकावर ठेवली जाई: कोणी काय केले, काय बिघडले, कोणता खटका कोणी ओढला. ज्याच्या हातून लॉक सुटला त्याने तसे लिहायचे, हा रिवाज. नोंद करणाऱ्यालाच बोल लावला तर पुढच्या वेळी नोंद येणार नाही, आणि नोंद आली नाही तर फट सापडणार नाही. २००५ च्या अखेरीस यंत्र आराखड्यात लिहिलेल्या संवेदनशीलतेला पोचले. २००७ पर्यंत दोन्ही वेधशाळांची मिळून वर्षभराची माहिती जमली. त्यात गुरुत्वीय लहर एकही नव्हती.

इतक्या खर्चानंतर रिकामे हात म्हटल्यावर प्रकल्प गुंडाळला जाईल असे कोणालाही वाटले असते. पण पहिल्या यंत्राला काही सापडेलच असे वचन कोणी दिले नव्हते, आणि ठरलेली संवेदनशीलता मात्र कागदावर लिहिल्याप्रमाणे गाठली होती. त्या पुण्याईवर २००८ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी २०.५ कोटी डॉलर मंजूर झाले. या टप्प्याच्या बांधणीचे नेतृत्व एमआयटीतील डेव्हिड शूमेकर यांच्याकडे होते.

दुसऱ्या टप्प्यात गट देशोदेशी विखुरले. २०० वॅटपर्यंतचा लेसर जर्मनीतील हॅनोव्हरहून आला. ग्लासगोच्या गटाने आरसे काचेच्याच धाग्यांवर टांगण्याची विद्या दिली: चाळीस किलोची काच, तिला तोलणारे चार धागे, प्रत्येकाची जाडी ०.४ मिलिमीटर. आधी पोलादी तार होती. काचेचा धागा तिच्याहून कितीतरी शांत, पण बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी पुढे तुटण्याची भीती. आरशांवरचे थर फ्रान्समधील लिआँ येथे चढले. लॉक लावण्यासाठी दुसऱ्या, हिरव्या लेसरची मदत घेण्याची नवी व्यवस्था झाली, आणि पहिल्या यंत्राला ज्या कामाला वर्षे लागली ते लिव्हिंग्स्टनला २०१४ मध्ये काही महिन्यांत साधले. असे भाग जुळवताना भांडणे भागांवरून होत नाहीत, सांध्यांवरून होतात. लेसर हॅनोव्हरमध्ये उत्तम चालला. पण तो ज्या मंचावर बसणार त्याची कंपने कोणाच्या खात्यात? म्हणून दोन गटांच्या मधल्या प्रत्येक सांध्याचा स्वतंत्र करार लिहिला जातो आणि त्यावर दोघांची सही असते.

अंदाजपत्रकात नसलेले शत्रू तरीही निघतातच. प्रकाशाची शक्ती वाढवल्यावर आरसे स्वतःच गाऊ लागले. प्रकाशाचा दाब काचेच्या स्वाभाविक कंपनाला झोका देई, झोका वाढत जाई आणि लॉक सुटे. रशियन शास्त्रज्ञ व्लादिमिर ब्रागिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्येच हा धोका सांगून ठेवला होता. आरशाभोवती बसवलेल्या तापककड्याने काचेचा आकार किंचित बदलून आधी वेळ मारून नेली. नंतर कंपन शोषणारे छोटे तुकडे आरशांना चिकटवण्यात आले.

यंत्र तयार होत असताना माणसे तयार आहेत का, हे तपासण्याची लायगोची रीत मोठी चमत्कारिक होती. दोन-चार जणांना गुप्तपणे यंत्रात खोटा संकेत घालण्याचा अधिकार दिलेला असे. सप्टेंबर २०१० मध्ये दोन्ही वेधशाळांत आणि युरोपातील व्हर्गो या वेधशाळेत एक सुरेख संकेत उमटला. दिशा बृहल्लुब्धक तारकासमूहाकडची, म्हणून त्याला 'बिग डॉग' नाव पडले. शेकडो माणसे सहा महिने राबली. प्रत्येक पर्याय तपासला गेला, शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील बैठकीत पाकीट उघडले: संकेत कृत्रिम होता. हिरमुसलेल्या चेहऱ्यांची किंमत देऊन प्रकल्पाने एक गोष्ट मिळवली. खरा संकेत आला तर कोणी कोणत्या क्रमाने काय तपासायचे, याची रंगीत तालीम झाली. इतक्या लोकांच्या सहा महिन्यांच्या श्रमांशी असा खेळ करावा का, हा प्रश्न रास्त आहे. पण पुढे जे घडले ते पाहता तालीम वाया गेली असे म्हणता येत नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली असताना, लिव्हिंग्स्टनला आणि सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला तोच संकेत आला. अधिकृत निरीक्षणे अजून सुरू व्हायची होती, त्या पहाटेपर्यंत यंत्राच्या चाचण्या चालू होत्या. पहिली शंका अर्थातच खोट्या संकेताची. या वेळी पाकीट नव्हते. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एक झाली होती. तपासण्या संपवून ११ फेब्रुवारी २०१६ रोजी घोषणा झाली. शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावे होती. २०१७ चे नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळाले. ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

यंत्र चालू झाल्यावरही फटी शोधण्याचे काम थांबत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या आलेखात मधूनच टकटक दिसू लागली. शोध घेता घेता माणसे इमारतीबाहेरच्या द्रवरूप नायट्रोजनच्या नळीपाशी पोचली. नळीवर हिम साचले होते आणि हिमावर चोचीच्या खुणा होत्या. उन्हाने कासावीस झालेले डोमकावळे बर्फ टोचून खात होते. तहानलेल्या कावळ्याने माठात खडे टाकल्याची गोष्ट मराठी मुलांना पाठ असते. या कावळ्यांची टकटक चार किलोमीटरच्या यंत्राने ऐकली. नळीला आवरण घालून प्रश्न मिटला. दुसऱ्या टोकाला, प्रकाशाच्या पुंजस्वभावातून येणारी अनिश्चितताही कमी करण्याची कला साधली. ती एका राशीतून काढून दुसऱ्या राशीत ढकलणारा 'आक्रसलेला प्रकाश' २०१९ पासून निरीक्षणांत नेहमी वापरला जातो. २०२३ मध्ये त्यासाठी तीनशे मीटरची एक जादा पोकळी जोडली गेली, ज्यामुळे वेगवेगळ्या वारंवारतांना हवा तसा प्रकाश आक्रसता येतो.

दुसऱ्या टप्प्यासाठी यंत्रसामग्रीचे तीन संच केले होते. तिसरा हॅनफर्डलाच बसणार होता, पण दूरवर आणखी एक वेधशाळा असेल तर संकेताची दिशा कितीतरी नेमकी कळते. ऑस्ट्रेलियाशी बोलणी झाली. तिथल्या सरकारने खर्च उचलला नाही. मग भारताचे नाव पुढे आले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात संजीव धुरंधर यांच्या गटाने गोंगाटात बुडालेला संकेत नमुन्यांशी जुळवून वेगळा काढण्याच्या गणितावर १९९० च्या दशकापासूनच काम केले होते, त्यामुळे विज्ञानाच्या बाजूने भारत नवखा नव्हता. जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. वेधशाळा २०३० च्या आसपास उभी राहावी अशी योजना आहे.

इथे काम चार संस्थांत वाटले आहे. इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लेसर आणि प्रकाशिकी पाहते, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था निर्वात व्यवस्था, अणुऊर्जा विभागाचे मुंबईतील बांधकाम संचालनालय इमारती आणि पाया, तर आयुका माहितीचे विश्लेषण आणि वैज्ञानिक मनुष्यबळ. लेसर, शोधक, टांगण्या अमेरिकेतून येणार; नळ्या आणि त्यांतली पोकळी इथे घडणार. म्हणजे सर्वांत अवघड सांधा सामग्रीच्या पेट्या उघडल्या जातील तिथे असेल: दुसऱ्या देशातल्या माणसांनी वीस वर्षांत हातांनी शिकलेले यंत्र इथल्या हातांनी पुन्हा जुळवायचे. त्यासाठी भारतीय संशोधक आणि अभियंते हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला जाऊन काम शिकतात. मराठवाड्यातल्या त्या माळाचे स्वतःचे अंदाजपत्रकही लिहावे लागेल. पावसाळ्यात फुगणारी काळी माती, भोवतालचे रस्ते, शेतातले पंप आणि ट्रॅक्टर, वाऱ्याने हलणाऱ्या इमारती, यांतला प्रत्येक जण किती गोंगाट करतो ते मोजून रकान्यात भरावे लागेल. हॅनफर्डच्या यादीत कावळे नव्हते, ते नंतर घालावे लागले.